निम्म्या गोव्याएवढ्या कोबर्गने युरोपला इतके राजे कसे दिले

साधारण १९०४ साल घ्या. मुंबईत चालणाऱ्या रुपयावर सातव्या एडवर्डचा चेहरा आहे आणि तिकडे पणजीत चालणाऱ्या पोर्तुगीज रुपियावर पहिल्या कार्लुशचा. एक इंग्लंडचा राजा, एक पोर्तुगालचा, भाषा वेगळी, पंथ वेगळा, आणि तरी दोघांची वंशावळ बापाच्या बाजूने वर चढत नेली तर ती एकाच माणसापाशी येऊन थांबते, एडवर्ड त्याचा पणतू आणि कार्लुश खापरपणतू. तो माणूस म्हणजे फ्रान्झ फ्रीडरिश आंतोन, जर्मनीतल्या कोबर्ग नावाच्या एका पिटुकल्या संस्थानाचा ड्यूक, जो १८०६ च्या डिसेंबरमध्ये वारला तेव्हा घरात पैसा नव्हता आणि बाहेर नेपोलियनचं सैन्य फिरत होतं.

हे घराणं म्हणजे सॅक्स-कोबर्ग-गोथा. कोबर्ग आणि गोथा दोन्ही मिळून संस्थानाचा पसारा दोन हजार चौरस किलोमीटरच्या आतच होता, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहून जरासा जास्त, आणि १९१० मध्ये लोकसंख्या अडीच लाखांच्या थोडी वर. एवढ्याशा जागेतून बेल्जियम, पोर्तुगाल, बल्गेरिया आणि ब्रिटन इतक्या गाद्यांवर माणसं गेली. बरेच लोक हे नशीब म्हणून सोडून देतात पण मला ते पटत नाही, त्यामागे एक साधं कारण आहे आणि ते म्हणजे कोबर्गची कोणालाच भीती वाटत नव्हती. मोठ्या देशाचा राजपुत्र आणून गादीवर बसवला की बाकीचे मोठे देश चिडतात, कोबर्गचा आणला की कोणी चिडत नाही. जमीन कमी असणं हीच त्यांची कमाई ठरली. ते कसं ते नीट बघायचं तर थोडं मागे जायला लागेल.

जर्मनीच्या मधल्या पट्ट्यात, सॅक्सनी आणि थुरिंगियामध्ये, वेटिन नावाचं जुनं घराणं राज्य करायचं. १४८५ मध्ये लाइपझिगला अर्न्स्ट आणि अल्ब्रेख्ट या दोन भावांनी वाटणी केली, तेव्हापासून थोरली पाती अर्न्स्टची आणि धाकटी पाती अल्ब्रेख्टची. थोरल्या पातीकडे इलेक्टरचा मान राहिला, म्हणजे जर्मन सम्राट निवडताना ज्या सात जणांना मत होतं त्यातला एक. याच थोरल्या पातीच्या फ्रीडरिशने मार्टिन ल्युथरला १५२१ मध्ये वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपवून ठेवलं, आणि पुढे १५३० मध्ये ल्युथर जवळजवळ सहा महिने कोबर्गच्या किल्ल्यात राहिला. प्रोटेस्टंट चळवळ टिकली त्यात या घराण्याचा वाटा फार मोठा आहे आणि त्याची किंमत पण त्यांनीच मोजली. १५४७ मध्ये म्युलबर्गच्या लढाईत सम्राट पाचव्या चार्ल्सने थोरल्या पातीच्या योहान फ्रीडरिशला हरवलं, कैद केलं, आणि इलेक्टरचा मान आणि बरीचशी जमीन काढून धाकट्या पातीच्या मॉरिट्झला दिली, जो स्वतः प्रोटेस्टंट असून लढाईत सम्राटाच्या बाजूने उभा राहिला होता. ड्रेस्डेनचे जे श्रीमंत सॅक्सन राजे आपण ऐकतो ते सगळे या धाकट्या पातीचे. थोरल्यांच्या हातात थुरिंगियाचे तुकडे राहिले.

आणि त्या तुकड्यांचे पण तुकडे झाले, कारण या पातीत सगळं थोरल्या मुलाला असा नियम नव्हता, सगळ्या मुलांना वाटा. याचं सगळ्यात मोठं उदाहरण गोथाचा अर्न्स्ट, ज्याला लोक अर्न्स्ट द पायस म्हणजे धर्मनिष्ठ अर्न्स्ट म्हणतात. माणूस खरंच मोठा होता. तीस वर्षांच्या युद्धाने देश उजाड झालेला असताना त्याने १६४२ मध्ये शाळांची नियमावली काढली आणि मुलामुलींना शाळेत पाठवणं सक्तीचं केलं, गोथामध्ये फ्रीडनश्टाइन नावाचा राजवाडा बांधला, कारभाराची घडी बसवली. त्याला अठरा मुलं झाली, त्यातले सात मुलगे मागे राहिले आणि १६८० मध्ये सात भावांनी सात वाटे केले. एकाला गोथा, एकाला कोबर्ग, एकाला मायनिंगन, एकाला साल्फेल्ड असं करत प्रत्येकाचा वेगळा राजवाडा, वेगळा दरबार आणि वेगळं कर्ज. बापाने आयुष्यभर जे एकत्र बांधलं ते मुलांनी पाच वर्षांत फोडलं. कोबर्गवाला भाऊ १६९९ मध्ये निपुत्रिक गेला आणि त्याच्या वाट्यावरून जी भाऊबंदकी सुरू झाली ती १७३५ पर्यंत चालली, मग कोबर्ग शहर साल्फेल्डवाल्या शाखेकडे आलं. आपल्या गोष्टीतलं घराणं म्हणजे ही शाखा, सातातल्या सगळ्यात धाकट्या भावाची.

पैशाची अवस्था इतकी वाईट होती की १७७३ मध्ये सम्राट दुसऱ्या जोसेफने कोबर्गवर कर्जवसुलीचं कमिशन बसवलं, म्हणजे राजाला घरखर्चासाठी ठरलेली रक्कम आणि बाकी सगळं सावकारांना. आता असं घर बाहेर कशाच्या जोरावर उठणार? त्यांच्याकडे दोन गोष्टी होत्या. एक, वेटिन घराण्याचं जुनं नाव. त्या काळात राजघराण्यातली सोयरीक बरोबरीच्या घरात व्हायला लागायची, नाहीतर मुलांना गादीचा हक्क मिळायचा नाही, आणि बरोबरी मोजताना उत्पन्न बघत नसत, घराणं स्वतंत्र राज्य करणारं आहे का ते बघत. म्हणजे कोबर्गची कर्जबाजारी मुलगी आणि रशियाचा राजपुत्र कागदावर बरोबरीचे. दुसरी गोष्ट, फ्रान्झचा काका योसियास. तो ऑस्ट्रियाच्या सैन्यात फील्ड मार्शल झाला आणि १७८९ मध्ये रशियन सेनापती सुवोरोवच्या जोडीने त्याने तुर्कांना फोक्शान आणि रिमनिक इथे हरवलं, त्यामुळे सेंट पीटर्सबर्गला कोबर्ग हे नाव माहीत झालं होतं.

मग १७९५ मध्ये कॅथरीन द ग्रेटने आपला नातू कॉन्स्टंटिन याच्यासाठी मुली बघायला सुरुवात केली आणि कोबर्गला बोलावणं आलं. फ्रान्झची बायको ऑगस्टा आपल्या तीन मुलींना, सोफी, आंतोनेट आणि युलियाने यांना घेऊन एवढा लांबचा प्रवास करून रशियाला गेली. कॉन्स्टंटिनने सगळ्यात धाकटी युलियाने निवडली. ती चौदा वर्षांची होती. १७९६ च्या फेब्रुवारीत तिचा पंथ बदलून ऑर्थोडॉक्स केला, नाव बदलून अन्ना फ्योदोरोव्हना ठेवलं आणि लग्न लावलं. नवरा सोळा वर्षांचा, तापट, तिला क्रूरपणे वागवणारा. ती १८०१ मध्ये रशिया सोडून निघून गेली ती परत आलीच नाही, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नजवळ राहिली आणि घटस्फोट मिळायला १८२० उजाडलं. कोबर्गच्या भाग्योदयाबद्दल लिहिणारे हिच्यावर एक ओळ टाकून पुढे जातात, मला ते चुकीचं वाटतं, कारण पुढे जे झालं त्याचं पहिलं मोल या मुलीने भरलंय. तिचा दीर झार अलेक्झांडर झाला, त्यामुळेच नेपोलियनने ताब्यात घेतलेलं कोबर्ग १८०७ मध्ये रशिया आणि फ्रान्समध्ये झालेल्या टिलसिटच्या तहात घराण्याला परत मिळालं. तिचा सगळ्यात धाकटा भाऊ लिओपोल्ड याला तर पाच-सहा वर्षांचा असतानाच रशियन गार्ड रेजिमेंटमध्ये अधिकाऱ्याचा हुद्दा मिळाला होता.

लिओपोल्ड हा या सगळ्या गोष्टीतला मुख्य माणूस. १८१४ मध्ये तो झारच्या ताफ्यातून लंडनला गेला, देखणा, शिस्तीचा, खिशात जवळजवळ काही नाही, आणि इंग्लंडच्या गादीची वारस राजकन्या शार्लट हिला तो आवडला. मे १८१६ मध्ये लग्न झालं. सगळं जुळून आलं असं वाटत असतानाच नोव्हेंबर १८१७ मध्ये शार्लट बाळंतपणात गेली, बाळ पण मेलेलं जन्मलं. लिओपोल्ड सत्ताविसाव्या वर्षाच्या आत विधुर झाला, ब्रिटिश संसदेने ठरवलेलं वर्षाला पन्नास हजार पौंडांचं मानधन मात्र चालू राहिलं. आणि इंग्लंडच्या राजाचे म्हातारे होत चाललेले मुलगे वारसासाठी घाईघाईने लग्नं करायला लागले. त्यातल्या केंटच्या ड्यूकला लिओपोल्डची विधवा बहीण व्हिक्टोरिया मिळाली, लग्न मे १८१८ मध्ये कोबर्गच्याच एहरेनबुर्ग राजवाड्यात लागलं, आणि २४ मे १८१९ ला लंडनमध्ये जी मुलगी झाली ती पुढची राणी व्हिक्टोरिया. म्हणजे एक दार बंद झालं तरी त्याच घरात कोबर्ग दुसरीकडून आत होतंच. बाप तर मुलगी आठ महिन्यांची असतानाच वारला, मग मामा लिओपोल्डच तिचा आणि तिच्या आईचा आधार झाला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कोबर्गजवळच्या रोझेनाउ इथे लिओपोल्डच्या मोठ्या भावाला दुसरा मुलगा झाला, आल्बर्ट. दोन्ही बाळंतपणं एकाच बाईने केली, शार्लट फॉन झीबोल्ड, स्त्रियांना विद्यापीठात शिरकाव नव्हता अशा काळात प्रसूतिशास्त्र शिकून पदवी मिळवलेली जर्मन बाई. आल्बर्टचं बालपण सुखाचं नव्हतं. बाप अर्न्स्ट पहिला बाहेरख्याली, आई लुईझे सोळा-सतरा वर्षांची असताना लग्न झालेली, तिच्यावर पण आरोप झाले आणि १८२४ मध्ये तिला कोबर्गबाहेर काढलं. आल्बर्ट तेव्हा पाच वर्षांचा होता. तिला मुलं परत कधीच दिसली नाहीत, १८३१ मध्ये ती पॅरिसला वारली. तिच्या माहेरची गोथाची शाखा १८२५ मध्ये पुरुष वारस नसल्याने संपली, परत नातेवाइकांची ओढाताण, शेवटी सॅक्सनीच्या राजाने मध्यस्थी केली आणि १८२६ मध्ये अर्न्स्टने साल्फेल्ड सोडून गोथा घेतलं. तेव्हापासून नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा. पण दोन प्रदेश एक झाले असं समजू नका, मधे थुरिंगियाचं जंगल, दोन राजधान्या, दोन विधिमंडळं, दोन हिशोब, फक्त ड्यूक एक. सामायिक राज्यघटना यायला १८५२ उजाडलं.

इकडे लिओपोल्डला १८३० मध्ये ग्रीसची गादी देऊ केली, त्याने नको म्हटलं. मग बेल्जियम नेदरलँड्सपासून फुटून निघाला आणि त्यांना राजा हवा होता. बेल्जियन लोकांनी आधी फ्रान्सच्या राजाचा मुलगा निवडला, पण फ्रान्सचा मुलगा ब्रसेल्समध्ये बसणं ब्रिटनला अजिबात चालणारं नव्हतं, म्हणून फ्रान्सनेच माघार घेतली. लिओपोल्ड सगळ्यांना चालला. इंग्लंडचा जावई होता, रशियाशी नातं होतं, आणि फ्रान्सची समजूत काढायला त्याने पुढच्याच वर्षी फ्रेंच राजाच्या मुलीशी लग्न केलं. २१ जुलै १८३१ ला त्याने शपथ घेतली, तो दिवस अजून बेल्जियमचा राष्ट्रीय दिवस आहे. मी वर म्हटलं की कोबर्गची भीती नव्हती ते हेच. त्यात पंथाचा लवचिकपणा धरा. युलियाने ऑर्थोडॉक्स झाली, लिओपोल्ड स्वतः ल्युथरन राहिला पण मुलं कॅथलिक वाढवली, आणि मधला भाऊ फर्डिनांड याने हंगेरीतल्या कोहारी नावाच्या गडगंज कॅथलिक घरातली एकुलती एक मुलगी केली आणि त्याची सगळी शाखा कॅथलिक झाली. म्हणजे प्रोटेस्टंट देशाला नवरा पाहिजे असेल तर कोबर्गमध्ये आहे, कॅथलिक देशाला पाहिजे तरी आहे. हे सगळं जुळवणारा पडद्यामागचा माणूस म्हणजे कोबर्गचाच एक डॉक्टर, श्टॉकमार, जो लिओपोल्डचा वैद्य म्हणून इंग्लंडला गेला आणि पुढे लिओपोल्ड, व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट या तिघांचा सल्लागार झाला.

कोहारी शाखेचा मोठा मुलगा, त्याचं पण नाव फर्डिनांड, १८३६ मध्ये पोर्तुगालची राणी दुसरी मारिया हिचा नवरा झाला. मुलगा झाल्यावर नियमाप्रमाणे त्याला राजा ही पदवी मिळाली. चित्रं काढायचा, सिंत्राच्या डोंगरावरचा तो रंगीबेरंगी पेना राजवाडा त्यानेच बांधला. त्याचे वंशज १८५३ पासून १९१० पर्यंत पोर्तुगालवर राज्य करत होते, म्हणजे गोव्यावर पण तेच. १८८१ च्या रुपियावरचा लुईश त्याचा मुलगा, कार्लुश त्याचा नातू. आणि नातं फक्त नाण्यापुरतं नाही. १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केलं, सत्तरीचे राणे दादा राणेंच्या पुढारीपणाखाली त्यात उतरले, तेव्हा ते मोडायला लिस्बनहून जी फौज आली तिचा प्रमुख होता इन्फान्ते म्हणजे राजपुत्र अफोन्सु, कार्लुशचा सख्खा भाऊ. सत्तरीच्या जंगलात राण्यांच्या समोर कोबर्गच्या ड्यूकचा खापरपणतू उभा होता, ही गोष्ट आपल्याकडच्या इतिहासात या बाजूने फारशी सांगितली जात नाही. कार्लुश आणि त्याचा थोरला मुलगा १९०८ मध्ये लिस्बनच्या रस्त्यात गोळ्या घालून मारले गेले आणि दोन वर्षांत तिथली राजेशाहीच गेली.

लंडनकडे परत येऊ. मामाच्या आणि श्टॉकमारच्या प्रयत्नांनी व्हिक्टोरिया आणि आल्बर्टचं लग्न १० फेब्रुवारी १८४० ला झालं. इंग्रजांना तो सुरुवातीला आवडला नाही, परका, गरीब घरातला, राणीच्या पैशावर आलेला अशी बोलणी त्याने ऐकली. पण तो कामाला वाघ होता. १८५१ चं लंडनचं मोठं प्रदर्शन त्याच्या पुढाकाराने झालं. १४ डिसेंबर १८६१ ला बेचाळिसाव्या वर्षी तो गेला आणि व्हिक्टोरियाने पुढची चाळीस वर्षं काळे कपडे घातले. मुंबईत भायखळ्याला जे भाऊ दाजी लाड म्युझियम आहे त्याचं जुनं नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट, आत त्याचा पुतळा अजून आहे.

एका गोष्टीवरून मात्र घाईने जाता येत नाही. लिओपोल्डचा मुलगा, बेल्जियमचा दुसरा लिओपोल्ड, याला वसाहत पाहिजे होती आणि १८८५ मध्ये त्याने युरोपच्या सत्तांकडून काँगो स्वतःच्या नावावर मान्य करून घेतला, बेल्जियम देशाच्या नाही, स्वतःच्या. तिथेही तोच हिशोब चालला, छोट्या देशाचा राजा आहे, याच्या हातात गेलेलं परवडलं, निदान फ्रान्स किंवा ब्रिटनच्या हातात नको. पुढे रबरासाठी तिथल्या लोकांवर जे अत्याचार झाले, कोटा भरला नाही म्हणून हात तोडणं, बायकांना ओलीस ठेवणं, गावं जाळणं, त्यात लाखो माणसं गेली, आणि १९०८ मध्ये जगभर ओरड झाल्यावर तो प्रदेश त्याच्याकडून काढून घेतला. निरुपद्रवी म्हणून ज्या घराण्यावर सगळ्यांनी विश्वास टाकला त्याच घराण्यातून हा माणूस निघाला, आणि त्याला कोणी अडवलं नाही त्याचं कारणसुद्धा तो विश्वासच.

एवढा वेळ घराण्याबद्दल बोललो, संस्थानाबद्दल पण सांगायला पाहिजे कारण ती जागा स्वतःच फार इंटरेस्टिंग आहे. गोथामध्ये आर्नोल्डी नावाच्या व्यापाऱ्याने १८२० मध्ये अग्निविमा आणि १८२७ मध्ये आयुर्विमा सुरू केला, ग्राहकच मालक अशा पद्धतीने, त्याला जर्मन विम्याचा जनक म्हणतात. पर्थेस नावाच्या छापखान्यातून नकाशे जगभर जायचे. त्याच गोथामधून युरोपातल्या सगळ्या राजघराण्यांची वार्षिक यादी निघायची, अल्मानाक द गोथा, त्यात नाव असणं म्हणजे घराणं खरं. आणि १८७५ मध्ये त्याच शहरात जर्मनीतले दोन समाजवादी पक्ष एकत्र आले, त्यांनी जो गोथा कार्यक्रम मंजूर केला त्यावर कार्ल मार्क्सने सडकून टीका लिहिली.

हे तिथे होऊ शकलं याचं श्रेय बऱ्यापैकी ड्यूक दुसऱ्या अर्न्स्टला, आल्बर्टच्या मोठ्या भावाला. १८४४ ते १८९३ त्याने राज्य केलं. १८४८ च्या क्रांतीनंतर बाकीचे जर्मन राजे उदारमतवाद्यांना पकडत होते तेव्हा याच्याकडे त्यांना आसरा मिळायचा, जर्मनी एक करायला निघालेल्या राष्ट्रीय संघाचं ऑफिस कोबर्गला होतं, १८६० चा पहिला जर्मन व्यायाम महोत्सव पण तिथेच झाला. स्वतः ऑपेरा लिहायचा, त्याचा एक ऑपेरा संगीतकार फ्रान्झ लिस्टने गोथामध्ये बसवला. व्हिएन्नाचा संगीतकार योहान श्ट्राउस याला कॅथलिक कायद्यामुळे घटस्फोट घेऊन परत लग्न करता येत नव्हतं, तर तो १८८७ मध्ये प्रोटेस्टंट होऊन चक्क कोबर्गचा नागरिक झाला आणि इथे त्याने लग्न केलं. १८६६ मध्ये प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध झालं तेव्हा अर्न्स्ट प्रशियाच्या बाजूने गेला आणि म्हणून संस्थान वाचलं, विरुद्ध बाजूला गेलेलं हॅनोवरचं अख्खं राज्य प्रशियाने गिळलं.

अर्न्स्टला औरस मूल नव्हतं. वारसा भावाच्या, म्हणजे आल्बर्टच्या मुलांकडे गेला. थोरला एडवर्ड इंग्लंडचा होणारा राजा, त्याने १८६३ मध्येच हक्क सोडला, म्हणून दुसरा मुलगा आल्फ्रेड, ब्रिटिश नौदलातला माणूस, १८९३ मध्ये कोबर्गचा ड्यूक झाला. हा आल्फ्रेड १८७० मध्ये मुंबईला येऊन गेलेला, त्याने पायाभरणी केलेलं रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम म्हणजे रीगल सिनेमासमोरचं आजचं राज्य पोलीस मुख्यालय, मधल्या काळात आपलं विधिमंडळ पण तिथे भरायचं. एप्रिल १८९४ मध्ये त्याच्या मुलीच्या लग्नाला कोबर्गमध्ये राणी व्हिक्टोरिया, कैसर विल्हेल्म, पुढचा एडवर्ड आणि पुढचा झार निकोलस सगळे एकत्र होते, निकोलसचं व्हिक्टोरियाची नात आलिक्स हिच्याशी लग्न तिथेच ठरलं. त्या वेळचा ग्रुप फोटो बघण्यासारखा आहे. वीस वर्षांनी यातल्याच माणसांचे देश एकमेकांवर तोफा डागत होते.

आल्फ्रेडचा एकुलता एक मुलगा १८९९ मध्ये गेला, पुढच्या वर्षी आल्फ्रेड गेला, आणि गादी आली व्हिक्टोरियाचा नातू चार्ल्स एडवर्ड याच्याकडे. वय सोळा, इंग्लंडमध्ये जन्मलेला, ईटनमध्ये शिकणारा. त्याचं नाव कार्ल एडुआर्ट झालं आणि कैसरच्या देखरेखीखाली त्याला जर्मन बनवलं. मग १९१४ आलं. इतके दिवस दोन देशांत नातेवाईक असणं हे या घराण्याचं भांडवल होतं, आता त्याचाच गुन्हा झाला. कोबर्गमध्ये त्याला इंग्रज म्हणायचे, इंग्लंडमध्ये देशद्रोही. त्यात एक विलक्षण गोष्ट अशी की गोथामधल्या रेल्वेडब्यांच्या कारखान्यात जर्मनांची बॉम्बर विमानं बनत होती आणि त्यांचं नावच गोथा. १३ जून १९१७ ला या विमानांनी लंडनवर बॉम्ब टाकले, पॉप्लरच्या एका शाळेत १८ मुलं मेली. आणि इंग्लंडच्या राजाच्या घराण्याचं नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा! युद्धामुळे जर्मन नावाबद्दल चीड आधीपासून होतीच, १७ जुलैला पाचव्या जॉर्जने नाव बदलून विंडसर केलं. तिकडे कोबर्गनेही त्याच वर्षी कायदा करून शत्रूदेशातल्या नातेवाइकांचा वारसा रद्द केला. नोव्हेंबर १९१८ मध्ये कार्ल एडुआर्टचं राज्य संपलं आणि १९१९ मध्ये ब्रिटनने त्याच्या तिथल्या पदव्या काढून घेतल्या.

राजा गेल्यावर कोबर्ग आणि गोथाला एकत्र ठेवणारं काही उरलंच नाही. गोथा थुरिंगिया राज्यात गेलं. कोबर्गमध्ये ३० नोव्हेंबर १९१९ ला लोकांना विचारलं, थुरिंगियात जायचं का? जवळजवळ ८८ टक्के लोकांनी नाही म्हटलं आणि १ जुलै १९२० ला कोबर्ग बव्हेरियात सामील झालं. तेव्हा विषय होता अन्नधान्य आणि आपलं थिएटर, संग्रहालयं नीट चालतील का एवढाच. पण १९४५ नंतर थुरिंगिया रशियनांच्या ताब्यात गेलं, बव्हेरिया अमेरिकनांच्या, आणि त्या एका मतदानामुळे कोबर्ग पश्चिम जर्मनीत राहिलं. गोथा चाळीस वर्षं कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत होतं, आणि कोबर्गच्या तीन बाजूंना काटेरी तारांचं कुंपण.

मधला काळ मात्र कोबर्गला मान खाली घालायला लावणारा आहे. ऑक्टोबर १९२२ मध्ये हिटलर आपल्या गुंडांना घेऊन खास रेल्वेने तिथे आला आणि रस्त्यावर मारामाऱ्या केल्या, १९२९ मध्ये नाझींना नगरपालिकेत बहुमत देणारं जर्मनीतलं पहिलं शहर कोबर्ग. माजी ड्यूक त्यांच्या आधीपासूनच जवळ होता, १९३३ मध्ये रीतसर पक्षात गेला आणि १९४५ पर्यंत जर्मन रेड क्रॉसचा अध्यक्ष होता. त्याच राजवटीने मनोरुग्णांना मारायची जी मोहीम काढली त्यात १९४१ मध्ये हार्टहाइमला जे लोक विषारी वायूने मारले त्यात त्याच्याच घराण्याच्या कोहारी शाखेतली मारिया कॅरोलिना होती. युद्धानंतर त्याच्यावर खटला चालून दंड झाला, १९५४ मध्ये तो कोबर्गला वारला. स्वीडनचा आताचा राजा कार्ल गुस्ताफ हा त्याच्या मुलीचा मुलगा.

राहिलं बल्गेरिया. तिथे १८८७ मध्ये गादी रिकामी होती, रशिया धमक्या देत होता, कोणी जायला तयार नव्हतं, तेव्हा कोहारी शाखेचा सव्वीस वर्षांचा फर्डिनांड गेला आणि १९०८ मध्ये त्याने स्वतःला झार जाहीर केलं. त्याचा नातू सिमेऑन १९४३ मध्ये सहा वर्षांचा असताना गादीवर बसला, १९४६ मध्ये कम्युनिस्टांनी सार्वमत घेऊन राजेशाही रद्द केली आणि तो आईबरोबर देश सोडून गेला, पुढे स्पेनमध्ये धंदा करत राहिला. २००१ मध्ये तो परत आला, गादी मागितली नाही, पक्ष काढला आणि निवडणूक जिंकून पंतप्रधान झाला. सरकारच्या कागदोपत्री त्याचं नाव सिमेऑन साक्सकोबुर्गगोत्स्की. चार वर्षं त्याने सरकार चालवलं, बल्गेरिया नाटोमध्ये त्याच्याच काळात गेला, आणि २००५ च्या निवडणुकीत त्याचा पक्ष दुसऱ्या नंबरवर आल्यावर त्याने पद सोडलं.